गुत्ते दिले, पण कोणाला?

सोयाबीन पिवळे पडू लागले की माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक, ज्यांना मजूर मिळत नाहीत ती. दुसरी, ज्यांना गेल्या वर्षी मजूर मिळाले, यंत्रही मिळाले, पण हिशेब मिळाला नाही ती. पहिल्या प्रकारच्या माणसांविषयी या सदरात अनेकदा लिहून झाले आहे. आज दुसऱ्यांविषयी लिहितो.

मागच्या आठवड्यात एका गावी शेतीशाळा आटोपली, फळा गुंडाळला आणि मोटारसायकलला किक मारणार एवढ्यात एक बाई डोक्यावरचा पदर सावरीत पुढे आल्या. ओळखीच्या होत्या. त्यांचे मालक आमच्या शेतीशाळेत पहिल्या ओळीत बसणारे. तीन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. पाच एकर रान, थोरला मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी बारावीला. सगळा कारभार आता वहिनींवर.

"साहेब, एवढा हिशेब बघता का जरा? मला तर काही मेळच लागंना."

वहीचे फाडलेले पान होते, मुलीच्या अक्षरातले. नांगरट, मोगडा, पेरणी, तीन फवारण्या, काढणी, मळणी, भाडे. प्रत्येकापुढे एक आकडा आणि खाली लिहिलेले, 'माल एकतीस पोती'.

"हे आकडे कोणी सांगितले, वहिनी?"

"भाऊजींनी. चुलत दीर लागतात. नांगरटीपासून मळणीपर्यंत सगळं गुत्तं त्यांनाच दिलं होतं. हे गेल्यावर मी एकटी बाई कुठं कुठं पळू?"

"बरोबर आहे. मग अडचण काय झाली?"

"बारदाना मी मोजून दिला होता, साहेब. चाळीस. माघारी रिकामा आला तो चार."

मी पुन्हा पान पाहिले. चाळिसातून चार गेले, छत्तीस राहिले. हिशेबात एकतीस. मधली पाच पोती पानावर कुठेच नव्हती.

"विचारले का त्यांना?"

"तेच तर. जीभ रेटत नाही बघा. उद्या पोरीच्या लग्नात त्यांनाच पुढं उभं राहायचंय."

मी काही न्यायाधीश नव्हे, पण दिरांचे घर वाटेवरच होते. ओट्यावर बसलो, चहा झाला, आणि बोलता बोलता विषय काढला. ते बिचारे गडबडले. म्हणाले, दोन पोती मळणीवाल्याच्या माणसांना दिली, एक हमालीत गेले, दोन कुठे गेली ते आता ध्यानात नाही, पाऊस आला होता त्या दिवशी, फार घाई झाली. खरे असेल. खोटेही असेल. मला ते ठाऊक नाही आणि वहिनींनाही कधी कळणार नाही, कारण काम सुरू होताना काहीच लिहिलेले नव्हते. त्याहून वाईट गोष्ट पुढे निघाली. माल अडतीवर गेला तेव्हा हिशेबपट्टी दिरांच्या नावाची झाली होती. पिकवले वहिनींनी, आणि विकल्याचा कागद दुसऱ्याच्या नावावर!

आमच्या मराठवाड्यात याला गुत्ते म्हणतात, पश्चिमेकडे उक्ते म्हणतात, कुठे ठेका म्हणतात. शहरातल्या कंपन्याही हेच करतात. पहारेकरी बाहेरचा, उपाहारगृह बाहेरचे, मालाची वाहतूक बाहेरची, हिशेब तपासणाराही बाहेरचा. त्याला ते आऊटसोर्सिंग असे भारदस्त नाव देतात आणि गुत्ते कोणाला द्यावे हे ठरवायला पगारी माणसे ठेवतात. आपल्याकडे ते शेतकरी पारावर उभ्या उभ्या ठरवतो, आणि "आपलाच माणूस आहे" एवढ्यावर ठरवतो.

तसे पाहिले तर ही रीत आपल्याला नवी नाही. बलुतेदारी म्हणजे दुसरे काय होते? नांगर सुताराने भरायचा, फाळ लोहाराने शेवटायचा, नाडा मातंगाने वळून द्यायचा, आणि सुगीला खळ्यावर प्रत्येकाने आपले बलुते न्यायचे. त्या व्यवस्थेत जातीची जी बेडी होती तिचे गोडवे गाणारा मी नाही. ती गेली ते उत्तम झाले. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. काम करणारा गावातच राहणारा होता. ऐन पेरणीत तिफणीचा फण निखळला तर सुताराला दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जायचे असे. आज हार्वेस्टर पंजाब-हरियाणातून येतो, चार दिवसांत शिवार कापून पुढच्या जिल्ह्यात निघून जातो. यंत्र उत्तम असते, माणूसही कष्टाळू असतो, पण तो निघून गेल्यावर तुमच्या रानात किती दाणे पडले हे सांगायला तुम्ही त्याला कुठे शोधणार? म्हणून बाहेरच्या माणसाकडून जे करून घ्यायचे ते तो बांधावर उभा असतानाच तपासून घ्यावे लागते.

कोणते काम बाहेर द्यावे, याचा फार काथ्याकूट करू नये. ज्या कामाला महागडे यंत्र लागते आणि जे वर्षातून दोन-चार दिवसच असते ते खुशाल बाहेर द्यावे. पाच एकरांसाठी ट्रॅक्टर विकत घेऊन हप्त्याखाली पिचलेली घरे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. भाड्याचा ट्रॅक्टर कितीही महाग वाटला तरी तो बँकेची नोटीस घेऊन दारात येत नाही. पण बियाणे कोणते ठेवायचे, औषध कोणते फवारायचे, माल कोणत्या दिवशी विकायचा आणि पट्टी कोणाच्या नावाची करायची, ही कामे म्हणजे शेतीचा कारभार आहे. तो दुसऱ्याच्या हाती दिला की आपण आपल्याच रानात पाहुणे होतो. वहिनींचे नेमके तेच झाले होते. त्यांनी कामाबरोबर कारभारही देऊन टाकला होता.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. पैसे ज्या मापाने द्याल त्या मापाने काम होते. नांगरटीचा दर एकरावर ठरला की फाळ वर उचलून पळणारे ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. तोच दर तासावर ठरला की प्रत्येक वळणावर तंबाखू मळणारे चालकही पाहिले आहेत. यात कोणी बदमाश असतो असे नाही. माणूस पैशाच्या मापाकडे ओढला जातो. एकरावर दर ठरवला तर खोली आधी बोलून घ्या आणि पहिल्या दोन तासांत काडी खोचून पाहा. तासावर ठरवला तर मीटर किंवा घड्याळ तुम्ही स्वतः पाहा, घरातले पोर पाठवू नका.

सोयाबीन काढणीचे गुत्ते आपल्याकडे बॅगेवर ठरते. म्हणजे पेरा किती बॅगांचा झाला त्यावर. ही मोठी गमतीची आणि भांडणाची जागा आहे. बॅगेचे वजन सगळ्या कंपन्यांचे सारखे नसते, कोणी दाट पेरतो, कोणी रुंद सरी वरंब्यावर विरळ टोकतो. त्यामुळे तेवढेच रान एकाला चार बॅगांचे पडते आणि दुसऱ्याला पाचाचे. सातबारावरचे क्षेत्रही कामाचे नाही, कारण त्यात पोटखराबा, विहीर, बांध सारे आले. सोपा उपाय म्हणजे काढणीआधी टेप घेऊन रान मोजून ठेवावे. एकर म्हणजे चाळीस गुंठे, सुमारे चार हजार चौरस मीटर. गुत्तेदारासमोर मोजले की वाद तिथेच मिटतो.

हार्वेस्टरने काढायचे असेल तर तो किती दाणे रानात टाकतो हे पाहण्याची एक रीत सांगतो. चार मीटर सुतळी घ्या, तिचा प्रत्येक बाजू एक मीटर असा चौकोन करा. यंत्र लावण्याआधी तो रानात एखाद्या जागी टाकून आत आधीच गळून पडलेले दाणे मोजा. मग यंत्राने एक फेरा मारला की त्याच्या मागे चार-पाच ठिकाणी चौकोन टाकून पुन्हा मोजा. आधीचे वजा केले की यंत्राची नासाडी कळली. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन साधारण दहा ते बारा ग्रॅम भरते. चौकोनात चाळीस दाणे सापडले तर ते झाले साडेचार ग्रॅमच्या आसपास. एकरात असे चार हजार चौकोन. म्हणजे एकरी सतरा-अठरा किलो माल तुम्ही जमिनीला परत दिलात! चालकाला हे हिशेबासकट दाखवले तर तो गती कमी करतो, कापणीचा दांडा खाली घेतो, पंख्याचा वारा कमी करतो. ओरडून सांगितले तर करत नाही, हा माझा अनुभव आहे. जमिनीलगतच्या शेंगा धसकटाला राहतात त्याला मात्र यंत्रवाला एकटा जबाबदार नाही. रान ढेकळांचे असेल, पीक लोळले असेल, तर तो तरी काय करणार? परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस १६२ सारखा यंत्राने काढण्याजोगा वाण दिला आहे. हार्वेस्टर लावायचाच असे ज्यांचे ठरलेले आहे त्यांनी वाण निवडतानाच हा विचार करावा.

आता मळणीचे सांगतो, आणि इथे मला माझीच फजिती सांगितली पाहिजे.

गावी आमची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, भाऊ पाहतो. एका वर्षी मी मोठ्या हौसेने घरचे बियाणे राखायचे ठरवले. दुसऱ्यांना दहा वर्षे सांगतो आहे, आपणही करू. बनीम लावून माल चांगला वाळवला. मळणीच्या दिवशी मला तालुक्याला बैठक. मळणी यंत्रवाल्याला मी फोनवरून सांगितले, "बियाण्याचा माल आहे, जरा सावकाश मळ." तो म्हणाला, "होय साहेब." तो तरी दुसरे काय म्हणणार? दर पोत्यावर ठरलेला, पुढे आणखी तीन बनिमी वाट पाहत उभ्या, आणि आभाळ भरून आलेले. त्याने ट्रॅक्टरची गती वाढवली आणि दोन तासांत ढीग उडवला. माल दिसायला सोन्यासारखा. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि पाचव्या दिवशी मोजले तर उगवले बावन्न!

सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते आणि अंकुर सालीच्या अगदी लगेच खाली असतो. ड्रमचा फटका बसला की दाणा वरून अखंड दिसतो, पण आत मेलेला असतो. बियाण्याचा माल मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला साडेतीनशे ते चारशेच्या आसपास ठेवावेत, असे आम्ही सभांतून सांगतो. प्रमाणित बियाण्याला उगवण किमान सत्तर टक्के लागते. माझे बावन्न. भाऊ काही बोलला नाही, पण वहिनीने, माझ्या भावजयीने, जेवताना विचारले, "भाऊजी, औंदा बियाणं कोणत्या दुकानाचं घ्यायचं?" तो घास मला अजून आठवतो.

मळणीवाल्याचा दोष किती आणि माझा किती? मी पुष्कळ विचार केला. मी त्याला 'सावकाश' म्हटले, पण सावकाशीचे पैसे दिले नाहीत. पोत्यावर दर ठेवून सावकाश मळ म्हणणे म्हणजे दिवसाच्या कमाईतले त्याचे दोन तास फुकट मागणे. आता आम्ही बियाण्याच्या मालाला वेगळा दर ठरवतो, थोडा जास्त, आणि तो ताशी देतो. शिवाय पहिले पोते भरले की मळणी थांबवायची अट असते. त्या पोत्यातून शंभर दाणे मोजायचे, त्यात डाळ किती झाली ते पाहायचे. मग अखंड दिसणारे शंभर दाणे पाण्याच्या भांड्यात टाकायचे. पाच-दहा मिनिटांत जे दाणे फुगून सुरकुततात त्यांची साल फुटलेली समजावी. असे दाणे बरेच निघाले तर गती कमी करायला लावायची, किंवा मालात ओलावा कितपत राहिला आहे ते पाहायचे. फार कोरडा माल लवकर फुटतो. या सगळ्याला चहा पिण्याइतका वेळ लागतो. आणि हो, यंत्र आधी मोकळे चालवून झाडून घ्या. शेजारच्या रानातला दुसरा वाण आणि केन्याचे, गाजरगवताचे बी तुमच्या बियाण्यात कशाला?

२०१९ च्या ऑक्टोबरात पावसाने सोयाबीन भिजले आणि २०२० च्या जूनमध्ये राज्यभर न उगवल्याच्या तक्रारी आल्या, हे बहुतेकांना आठवत असेल. तेव्हा ज्यांनी घरी उगवण तपासली होती ते सावध राहिले. तपासणी हे असे काम आहे की ते गुत्त्याने देता येत नाही. ते घरच्या माणसाचेच.

मळणी यंत्रासंबंधी आणखी एक. गुत्ते दिले म्हणून खळ्यावरच्या माणसाची जबाबदारी आपल्यावरून उतरली असे होत नाही. बाईचा पदर, गड्याचा हात यंत्रात गेल्याच्या बातम्या दर सुगीला येतात. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला त्यात मळणी यंत्राचा समावेश आहे. यंत्राचा तोंडाचा भाग लांब आणि झाकलेला आहे का, पट्ट्यावर जाळी आहे का, हे दर ठरवण्याआधी पाहा. दहा रुपये स्वस्त असलेले उघडे यंत्र दारात उभे करू नका. रात्री उजेडाशिवाय मळणी करू नका, आणि कणसे ढकलायला पोरांना तर मुळीच बसवू नका.

फवारणीचेही तसेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यांत रोजाने दुसऱ्याच्या रानात फवारणारेही होते. पंप त्याचा, रोज ठरलेला, म्हणून तोंडाला फडके बांधले की नाही हे मालकाने पाहायचेच नाही? औषध तुम्ही आणून द्या, प्रमाण तुम्ही मोजून द्या, हातमोजे आणि मुखपट्टीही तुम्हीच द्या. आणि ज्याला फवारणी देता त्याला एक प्रश्न जरूर विचारा, काल या टाकीत काय होते? टू-फोर-डी हे तणनाशक वापरलेला पंप नीट न धुता कापसावर चालवला तर पाने भेंडीच्या पानासारखी चिरफळतात आणि हंगाम हातचा जातो. फवारणारा पैसे घेऊन गेलेला असतो.

ड्रोनविषयी पत्रांतून पुष्कळ विचारणा होते. २०२३ साली केंद्राने पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना जाहीर केली, त्यामुळे काही गावांत आता बायाच हे काम करतात आणि नेटके करतात. पण एकराला पाणी आठ-दहा लिटरच पडते, म्हणजे औषध दाट असते. ते त्या पिकावर आणि तशा फवारणीला मान्य आहे का हे पाहावे लागते. चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का ते विचारा. वारा असेल तर त्या दिवशी परत पाठवा. शेजाऱ्याचे मधमाश्यांचे पेटे, रेशमाची तुती जवळ असेल तर आधी त्याला सांगा. ड्रोनविषयी सध्या एवढे पुरे.

कागदाच्या कामाचे मात्र थोडे कडक शब्दांत सांगणार आहे. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. मोबाईल चालवणारे एखादे पोर गावातल्या पन्नास जणांची नोंद करते. ठीक आहे, करू द्या, त्याला चार पैसे द्या. पण नोंद झाल्यावर सातबारावर पीक बरोबर लागले का ते आपल्या डोळ्यांनी पाहा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी राज्य सरकारने हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देऊ केले तेव्हा सुरुवातीच्या याद्या या नोंदींवरूनच लागल्या. आमच्या भागात कितीतरी जण हेलपाटे घालत होते. बापाला वाटे पोराने केली, पोराला वाटे केंद्रावरच्याने केली, आणि केली कोणीच नव्हती. नोंद करायला माणूस लावा, पण मोबाईलवर आलेला ओटीपी, सही केलेली कोरी पैसे काढण्याची पावती आणि आधारवरचा अंगठा कोणालाही देऊ नका. पोर चांगले असेल हो. त्याच्या दुकानात बसणारा दुसरा कोणी चांगला असेलच असे नाही.

राहता राहिला प्रश्न माणूस निवडण्याचा. मला विचाराल तर मी दर सर्वांत शेवटी विचारतो. आधी विचारतो, गेल्या वर्षी कोणाकोणाचे काम केले? त्यांतल्या दोघांना जाऊन भेटतो. ज्याच्याशी त्याचे वाजले असा एखादा असेल तर त्याला आधी भेटतो, कारण भांडण कशावरून झाले यावरून पुष्कळ कळते. मालकाने पैसे अडकवले म्हणून भांडलेला गुत्तेदार मला वाईट वाटत नाही. काम अर्धे टाकून गेला म्हणून भांडण झाले असेल तर तो माणूस कितीही स्वस्त असला तरी नको. मग यंत्र पाहतो. गंजलेले यंत्र असलेला माणूस प्रामाणिक असू शकतो, पण ऐन सुगीत त्याच्या यंत्राचा पट्टा तुटला की त्याचा प्रामाणिकपणा माझा माल वाचवत नाही. आणि शक्य असेल तर पहिल्या वर्षी त्याला सगळे रान देत नाही. एक एकर देतो. एका एकरात माणूस समजतो.

अवजार बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट यांच्याकडेही आता यंत्रे आहेत. त्यांचा दर फळ्यावर लिहिलेला असतो आणि पावती मिळते, हा मोठा फायदा. तोटा असा की ऐन गर्दीत नंबर लागत नाही. म्हणून नाव आधीच नोंदवून ठेवावे.

नात्यातल्या माणसाला गुत्ते द्यावे की नाही? यावर माझे मत अनेकांना आवडत नाही, तरी सांगतो. ज्याला हिशेब विचारता येतो त्याला द्यावे, मग तो सख्खा भाऊ असो की परक्या गावचा. ज्याला विचारताना जीभ रेटत नाही त्याला देऊ नये. वहिनींच्या दिरांना मी चोर म्हणत नाही. पण नाते आणि गुत्ते एकत्र आले की दोघांचीही पंचाईत होते; त्यांना लिहून द्यायला कमीपणा वाटतो आणि आपल्याला लिहून मागायला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. अडल्यानडल्या घराचे रान भावकीनेच पेरून दिले, एक पैसा घेतला नाही, अशी माणसेही मी पाहिली आहेत. त्याला गुत्ते म्हणत नाहीत, ती माणुसकी. तिचा हिशेब नसतो. फक्त दोन्हींची सरमिसळ करू नये. पैसे द्यायचे ठरले की वही आली.

वहीत काय लिहायचे? आमच्या वहिनींसाठी त्याच ओट्यावर बसून एक पान मी लिहून दिले, आणि दिरांसमोरच दिले. कोणते काम, किती रान मोजून, दर कोणत्या मापाने, डिझेल कोणाचे, माणसांचे जेवण कोणाचे, पाऊस आला तर झाकायला ताडपत्री कोणाची. उचल किती दिली आणि कोणत्या तारखेला. बारदाना मोजून किती दिला, भरून किती आला, रिकामा किती आला. धान्याच्या रूपाने कोणाला काही द्यायचे झाले तर ते वहिनींच्या हातून, खळ्यावर. पैसे तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा माल घरात आल्यावर, पण त्याच दिवशी. गुत्तेदाराला दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवणाऱ्या मालकाला पुढच्या वर्षी चांगला माणूस मिळत नाही, हेही खरे. अडतीवर माल न्यायला कोणीही जावो, पट्टी वहिनींच्या नावाची, आणि पैसे त्यांच्याच खात्यात.

दीर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, हे मागल्या साली कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मलाबी घोर नसता." त्यांनी स्वतःच पेन मागितले आणि या वर्षीच्या काढणीचा दर वहीत लिहिला. वहिनींनी तो वाचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, बॅगेवर नको. रान मोजून लिहा."

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन दोघेही रानात गेले. विहीर आणि बांध सोडून पीक उभे असलेले रान भरले चार एकर अकरा गुंठे. गेल्या वर्षी पैसे पाच एकरांचे दिले होते. वहिनींनी तो फरक मागितला नाही. पण वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा मुलीकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आहे, मी पाहिला.

पुढच्या अंकी बनीम पावसापासून कशी वाचवावी आणि तिला विजेच्या तारांपासून किती दूर ठेवावे यासंबंधी लिहीन. गेल्या वर्षी ज्यांची बनीम जळाली अशा दोघांची पत्रे आली आहेत. आणखी कोणाचा अनुभव असेल तर कळवावा.